मिस्त्री, मालक आणि बिल : गाडीदुरुस्तीतील फसवणुकीचा इतिहास, हिंगण्याच्या निमित्ताने

१/
नागपूरजवळच्या हिंगणा औद्योगिक परिसरात एसटी महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. महाराष्ट्रात अशा कार्यशाळा तीनच : पुण्यातील दापोडी, छत्रपती संभाजीनगरातील चिकलठाणा आणि नागपुरातील हिंगणा. कारखान्यातून आलेल्या उघड्या चॅसीवर लाल गाडीचा देह चढवायचा आणि थकलेल्या गाड्यांना पुन्हा रस्त्यावर उभे करायचे, हा या तिघींचा परंपरागत उद्योग.

२/
या कुंपणाच्या आत एक अपराध जवळजवळ अशक्य आहे. ‘क्लच प्लेट गेली, आता बदलावीच लागेल’ असे खोटे सांगून कोणाकडूनही पैसे उकळता येत नाहीत. कारण उकळायचे कोणाकडून? गाडी महामंडळाची, कारागीर महामंडळाचा, सुटा भाग महामंडळाच्या भांडारातला. नको असलेली दुरुस्ती केली तर नुकसान स्वतःचेच.

३/
कुंपणाबाहेर मात्र तेच पाने, तेच जॅक, तेच ऑइलने काळवंडलेले हात, आणि व्यवहार पूर्णपणे निराळा. तेथे गाडी एकाची आणि ज्ञान दुसऱ्याचे. हा दुरावा सव्वाशे वर्षांपूर्वी पडला. त्यातून फसवणूक कशी उपजली, तिला आळा घालण्याचे प्रयत्न कोठे फसले व कोठे साधले, याचा हा धागा.

४/
आरंभ गॅरेजपासून होत नाही, ड्रायव्हरपासून होतो.
विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटार ही श्रीमंतांची चैन होती आणि ती चालवणारा पगारी नोकर हाच तिचा वैद्यही असे. ‘शोफर’ हा त्याचा फ्रेंच हुद्दा. शब्दाचा मूळ अर्थ ‘भट्टी पेटवणारा’. वाफेच्या यंत्रांच्या काळातील नाव पेट्रोलच्या गाडीला चिकटले.

५/
मालकाला बग्गीचा घोडा कळत होता. घोडा लंगडतो की नाही, हे पाहायला सईसाची गरज नव्हती. मोटारीच्या पोटात काय चालले आहे, हे मात्र त्याला मुळीच कळेना. अमेरिकेतील तत्कालीन मोटार-नियतकालिकांत ‘शोफर प्रॉब्लेम’ या नावाने एक तक्रार वारंवार आढळते : शोफर गाडी विशिष्ट गॅरेजमध्येच नेतो, गॅरेजवाला बिल फुगवतो आणि त्यातला हिस्सा शोफरच्या खिशात जातो. पुढे केव्हातरी मराठीत या हिश्श्याला ‘कट’ म्हणू लागले. शब्द नवा असेल, वस्तू मोटारीइतकीच जुनी आहे.

६/
येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. या तक्रारींचे लेखक सारे मालकच आहेत. कालपर्यंत आज्ञा झेलणारा नोकर आज मालकापेक्षा अधिक जाणतो, ही बोच त्यांच्या शब्दाशब्दांतून दिसते. फसवणूक खरी होती. पण ती मोठ्या आवाजात सांगितली गेली याचे एक कारण वर्गाभिमानही होते. मिस्त्रीविषयीचा संशय वाचताना हा चष्मा बाजूला ठेवू नये.

७/
फोर्डने १९०८ मध्ये मॉडेल टी बाजारात आणली आणि मोटार सामान्य माणसाच्या दारात आली. शोफर मागे पडला, मालक स्वतःच गाडी चालवू लागला. ज्ञानाचा दुरावा मात्र मिटला नाही. तो घरातल्या नोकराकडून चौकातल्या गॅरेजकडे सरकला, एवढेच.

८/
या दुराव्याचे पहिले मोठे मोजमाप १९४१ चे. ‘रीडर्स डायजेस्ट’ मासिकाने एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी गाडीसह अमेरिकेच्या तत्कालीन अठ्ठेचाळीसही राज्यांतून फिरवली. युक्ती साधी होती. गॅरेज जवळ आले की इग्निशन कॉइलची एक तार सैल करून ठेवायची. इंजिन अडखळू लागते. पण बॉनेट उघडून नीट पाहणाऱ्याला सुटलेली तार समोरच दिसते. ती खोचायला क्षणभर पुरतो.

९/
३४७ गॅरेजे तपासली गेली. १२९ ठिकाणी तार तत्काळ सापडली आणि काम फुकट किंवा नाममात्र पैशांत झाले. उरलेल्या २१८ ठिकाणी, म्हणजे ६३ टक्के गॅरेजांत, जादा आकारणी झाली, न केलेल्या कामाचे पैसे लागले किंवा नको ते भाग बदलले गेले.
रेडिओ दुरुस्तीची दुकानेही याच रीतीने पारखली गेली. तेथील प्रमाण जवळपास एवढेच निघाले. घड्याळजी त्या मानाने बरे : त्यांच्यातले निम्म्याच्या आसपास घसरले.

१०/
रॉजर विल्यम रीस आणि जॉन पॅट्रिक यांनी या शोधावर पुढे पुस्तक लिहिले आणि श्वेतवस्त्र गुन्हेगारीचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांनी हे आकडे दीर्घकाळ वापरले. ६३ हा आकडा प्रसिद्ध झाला. ज्या १२९ जणांनी अनोळखी, परगावच्या, पुन्हा कधीही न भेटणाऱ्या वाटसरूची तार खोचून दिली आणि हात पुसले, त्यांच्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. वास्तविक कोडे त्यांचेच मोठे आहे. खोटे बोलण्यात काहीच धोका नसताना ते खरे का बोलले?

११/
अर्थशास्त्राने या कोड्याला हात घातला १९७३ मध्ये. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी वस्तूंचा एक तिसरा वर्ग सांगितला. कापड घेण्यापूर्वीच पारखता येते. आंबा खाल्ल्यावर कळतो. पण काही गोष्टी अशा की त्या घेऊन, वापरून झाल्यावरही त्यांची गरज होती की नव्हती हे गिऱ्हाइकाला कळत नाही. वैद्याने काढलेले आंत्रपुच्छ हे त्यांचे गाजलेले उदाहरण. गाडीची दुरुस्ती त्याच जातीची.

१२/
ब्रेक शू बदलल्यावर गाडी थांबते. ती आधीही थांबत होतीच. मग जुने शू खरोखर झिजले होते काय? उत्तर ज्याला ठाऊक, त्यालाच बिल मिळणार असते. जो रोग सांगतो तोच औषध विकतो, या एका वाक्यात गॅरेजचे सारे राजकारण सामावले आहे. हिंगण्याच्या कार्यशाळेत हे वाक्य अर्धेच लागू पडते : तेथे रोग सांगणारा औषध विकत नाही.

१३/
आता भारत. येथील मिस्त्री आणि मालक यांच्यातील कायद्याचे नाते मोटारीपेक्षाही जुने आहे. कार्ल बेंझने आपल्या गाडीचे पेटंट घेतले १८८६ मध्ये. भारतीय करार अधिनियम १८७२ चा. या अधिनियमात ‘निक्षेप’ नावाचे प्रकरण आहे : एखाद्या हेतूने आपली वस्तू दुसऱ्याच्या हवाली करणे आणि हेतू पूर्ण झाल्यावर ती परत घेणे. गाडी गॅरेजमध्ये सोडणे हा कायद्याच्या दृष्टीने निक्षेपच.

१४/
त्यातील कलम १७० मिस्त्रीच्या बाजूने बोलते. दिलेल्या वस्तूवर ज्याने श्रम वा कौशल्य खर्च केले, त्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. मात्र वेगळा करार नसला पाहिजे. कायद्याने उदाहरणे दिली आहेत ती जवाहिऱ्याकडे पैलू पाडायला दिलेल्या हिऱ्याची आणि शिंप्याकडे कोट शिवायला दिलेल्या कापडाची.

१५/
शिंप्याच्या दृष्टीने हे कलम न्याय्यच आहे. कोट घेऊन गिऱ्हाईक पसार झाले तर गरिबाने कोठे जावे? पण कोट आणि मोटार यांत फरक आहे. शिंपी कापड फाडून ‘अस्तर कुजले होते, बदलावे लागले’ असे सहसा सांगत नाही. मोटारीत तसे सांगता येते. आणि कोट अडकला तर माणूस दुसरा कोट घालतो. टॅक्सी किंवा मालट्रक अडकला तर त्या दिवसाची चूल अडकते. बिलावर वाद घालणारा मालक गाडी सोडवण्यासाठी अखेर पैसे मोजतो, त्याचे मूळ या दीडशे वर्षांपूर्वीच्या हिऱ्यात आणि कोटात आहे.
दुसरी बाजू कलम १५१ ची : हवाली केलेल्या वस्तूची काळजी सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी घेतलीच पाहिजे. हे कलम गॅरेजच्या भिंतीवर कोठे लावलेले दिसत नाही.

१६/
स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत भारतीय रस्त्यावर प्रामुख्याने मोजक्याच मोटारी दिसत. कलकत्त्याच्या हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर आणि वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट या त्यांत प्रमुख. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. म्हणून जुनी गाडी टाकून देण्याचा प्रश्नच नव्हता. ती दुरुस्त होत राही.

१७/
या टंचाईचा एक विलक्षण परिणाम झाला. मोजकी मॉडेले, तीही वर्षानुवर्षे फारशी न बदललेली. त्यामुळे कोणत्याही तालुक्याच्या गावी मिस्त्रीला गाडीची शीर नि शीर माहीत असे, आणि बऱ्याच मालकांनाही. कार्ब्युरेटर साफ करणे, पॉइंट घासणे, प्लगमधले अंतर जुळवणे ही कामे सुट्टीच्या सकाळी अंगणात होत. ज्ञानाचा दुरावा कमी, म्हणून निदान खोटे सांगण्याची सोयही कमी. फसवणूक दुसऱ्या दाराने येई : नकली सुटे भाग. ‘ओरिजिनल’ आणि ‘डुप्लिकेट’ हे दोन इंग्रजी शब्द मराठी संसारात रुळले, त्यात स्पेअर पार्टच्या दुकानांचा वाटा मोठा आहे.

१८/
याच काळात सार्वजनिक वाहतुकीने वेगळी वाट धरली. मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. निजामाच्या राज्यात तर रेल्वे खात्यानेच १९३२ मध्ये बससेवा सुरू केली होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाड्यातील सेवा आणि नागपूरची प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिस मुंबई राज्याच्या एसटीत मिळाली.

१९/
एसटीने दुरुस्ती बाहेर सोपवली नाही, घरातच ठेवली. रोजची देखभाल आगारात, मोठे काम विभागीय कार्यशाळेत आणि बांधणी-पुनर्बांधणी मध्यवर्ती कार्यशाळेत अशी उतरंड बसवली. टायरवर नवा रबर चढवण्याचे कारखानेही महामंडळाने स्वतःचे काढले. रेल्वेने आपली इंजिने दुरुस्त करायला स्वतःच्या कार्यशाळा उभारल्या होत्या, त्याच परंपरेतली ही शिस्त.

२०/
या शिस्तीला देवत्व देण्याचे कारण नाही. घरच्या कार्यशाळेतही भांडारातून भाग गायब होऊ शकतो, खरेदीत टक्केवारी शिरू शकते, आणि सर्वांत मोठा रोग म्हणजे पैसाच नसणे. बाजारातले गॅरेज नको ते काम करते. पैशाअभावी खंगलेली सरकारी कार्यशाळा हवे ते काम करू शकत नाही. प्रवाशाच्या दृष्टीने दुसरा रोग अधिक घातक असू शकतो. तरीही ज्या एका रोगाचा हा धागा आहे, त्याची साथ या कुंपणाच्या आत नाही.

२१/
पुन्हा अमेरिकेकडे, कारण कायद्याचा धडा तेथला आहे. कॅलिफोर्नियाने १९७१ मध्ये मोटार दुरुस्ती कायदा केला आणि दुरुस्तीच्या धंद्यावर देखरेख करणारा स्वतंत्र ब्युरो नेमला. नियम रोखठोक : काम सुरू करण्यापूर्वी लेखी अंदाज द्या, खर्च त्यापुढे जाणार असेल तर आधी मालकाची संमती घ्या, बिलात श्रम आणि भाग वेगळे दाखवा, आणि मालकाने मागितल्यास काढलेले जुने भाग त्याच्या स्वाधीन करा.

२२/
शेवटचा नियम दिसतो तेवढा किरकोळ नाही. जुना भाग हा या व्यवहारातला एकमेव साक्षीदार आहे. तो मालकाच्या डिकीत आला की दुसऱ्या मिस्त्रीला दाखवता येतो. भंगारात गेला की खटला तेथेच संपतो.

२३/
या ब्युरोची मोठी कसोटी लागली १९९२ मध्ये. सिअर्स ही अमेरिकेतील जुनी, घरोघरी विश्वासाची म्हणून ओळखली जाणारी दुकानसाखळी. तिची मोटार-सेवा केंद्रेही होती. १९९० मध्ये कंपनीने तेथील कामगारांच्या कमाईची रीत बदलली : पगाराचा भाग विकलेल्या कामावर अवलंबून ठेवला, कोटा ठरवून दिला. तक्रारी वाढू लागल्या. ब्युरोने ठरावीक दोष असलेल्या गाड्या देऊन आपली माणसे साध्या वेषात पाठवली. ३८ भेटींपैकी ३४ भेटींत अनावश्यक काम केले गेले.

२४/
हे तेच कामगार होते, जे दोन वर्षांपूर्वी त्याच छपराखाली त्याच गाड्या दुरुस्त करत होते. माणसे बदलली नाहीत, पगाराचे सूत्र बदलले. कंपनीच्या अध्यक्षांनी जाहिराती देऊन चुका मान्य केल्या आणि कमिशनची पद्धत मागे घेतली गेली. मिस्त्रीच्या जातीवर, धर्मावर, शिक्षणावर किंवा ‘नियतीवर’ बोट ठेवणाऱ्यांनी हे १९९२ चे प्रकरण अवश्य वाचावे.

२५/
मग ओळखीचा मिस्त्री धरला की प्रश्न सुटतो काय? घरोघरचा समज तोच आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेन्री श्नायडर यांनी ठाऊक दोष असलेली गाडी चाळीस गॅरेजांत नेली. कोठे ‘गाव सोडून चाललो’ असे भासवले, कोठे ‘येथलाच, पुन्हा येणार’ असे. अनावश्यक दुरुस्ती सुचवली गेली ती साधारण चारपैकी एका भेटीत. पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकाला तपासणीची फी कमी लागली. सल्ल्याचा दर्जा मात्र तेवढाच राहिला.

२६/
आणि खरा धक्का पुढे आहे. बहुसंख्य भेटींत गाडीतला एखादा गंभीर खरा दोष मिस्त्रीच्या नजरेतूनच सुटला. म्हणजे लबाडीपेक्षा अडाणीपणा अधिक. ‘फसवले’ असे वाटते तेव्हा कित्येकदा मिस्त्रीलाही कळलेले नसते. तो एकेक भाग बदलून पाहत असतो आणि त्या प्रयोगांचा खर्च गिऱ्हाइकाच्या बिलात जातो. १९४१ च्या २१८ जणांतही असे किती होते, हे आता सांगता येणार नाही.

२७/
आणखी एक प्रयोग उल्लेखनीय. अमेरिकेतच संशोधकांनी गॅरेजांना दूरध्वनी करून रेडिएटर बदलण्याचा भाव विचारला. ‘किती पडेल, कल्पना नाही’ असे म्हणणाऱ्या स्त्रियांना तसेच म्हणणाऱ्या पुरुषांपेक्षा चढा भाव सांगितला गेला. पण बाजारभाव ठाऊक असल्याचे बोलण्यातून दिसले, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. पाना हाती धरता येणे गरजेचे नव्हते. आकडा माहीत असणे पुरले.

२८/
भारतात गिऱ्हाइकाची बाजू उभी राहिली ती महाराष्ट्रातून. मुंबईत १९६६ मध्ये काही गृहिणींनी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी स्थापन केली. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढील वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. भेसळ, वजनमापे, साठेबाजी हे तेव्हाचे मुख्य विषय. गॅरेज त्या यादीत खाली होते, कारण मोटार असलेला माणूस तेव्हा ‘बिचारा’ गणला जात नसे.

२९/
१९८६ चा ग्राहक संरक्षण अधिनियम या चळवळींचे फळ. ‘सेवेतील त्रुटी’ हा शब्दप्रयोग त्याने रुळवला आणि जिल्हा, राज्य व राष्ट्रीय अशा तीन पायऱ्यांची न्याययंत्रणा उभारली. पण त्यात एक काटा होता : व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा ग्राहक नव्हे. मग ऑटोरिक्षा चालवणारा कोण? एकाच ट्रकवर घर चालवणारा कोण? हिंगण्यासारख्या औद्योगिक वसाहतीच्या गावी हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

३०/
उत्तर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात मिळाले. खटला एका यंत्राचा. पण निकालात उदाहरणे आली ती रस्त्यावरची. पोटासाठी स्वतः चालवण्याकरिता ऑटोरिक्षा किंवा ट्रक घेणारा हा ग्राहकच, असे न्यायालयाने स्पष्ट केले. गाडीचा मालक म्हणजे सफारी सूटातला साहेब, ही कायद्यातली प्रतिमा येथे मोडली.

३१/
मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि टंचाईचे युग ओसरू लागले. मग उदारीकरण, परदेशी कंपन्या, इंजिनावर देखरेख करणारे संगणक. अंगणातली दुरुस्ती संपली. बॉनेट उघडले तरी दिसते ते प्लास्टिकचे झाकण. ज्ञानाचा दुरावा पुन्हा रुंदावला. यावेळी तो मालक आणि मिस्त्री यांच्यातच नव्हे, चौकातला मिस्त्री आणि कंपनी यांच्यातही पडला. दोष वाचणारे उपकरण कंपनीच्या अधिकृत केंद्राकडे, तांत्रिक पुस्तिका त्याच केंद्राकडे, अस्सल सुटा भागही तेथेच.

३२/
याविरुद्ध २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार गेली. आरंभी तीन कंपन्यांविरुद्ध होती. चौकशी पसरत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, तसेच बाहेर दुरुस्ती केल्यास वॉरंटी रद्द होईल अशी सरसकट अट घालणे, हे स्पर्धेला मारक ठरवले गेले.
दंड झालेल्यांत टाटा मोटर्स, मारुती सुझुकी यांच्याबरोबर महिंद्राही होती. तिचाच ट्रॅक्टरचा कारखाना हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. कंपन्यांनी या आदेशाला वरच्या पायऱ्यांवर आव्हान दिले.

३३/
या निकालाने फसवणुकीच्या इतिहासात एक उलटे पान जोडले. तोवर चर्चा असे ती तेलकट कपड्यांतल्या मिस्त्रीची. येथे आरोपीच्या पिंजऱ्यात काचेच्या शोरूमचा व्यवहार होता. चौकातला मिस्त्री, ज्याला सारे लबाड म्हणत, तो या प्रकरणात गिऱ्हाइकाच्याच बाजूला, बाजाराबाहेर ढकललेला, उभा होता.

३४/
पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. निवडलेल्या क्षेत्रांत मोटारी होत्या आणि शेतीची अवजारेही. ट्रॅक्टर मळ्यात बंद पडला की पेरणीचा दिवस कंपनीच्या माणसाची वाट पाहत नाही, हे विदर्भात वेगळे सांगावे लागत नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात या हक्कासाठी संकेतस्थळही सुरू झाले.

३५/
२०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण अधिनियमात (अंमल जुलै २०२० पासून) दोन बदल गॅरेजच्या दृष्टीने महत्त्वाचे. पक्के बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरली. आणि तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येऊ लागली. पुण्याला जाताना वाटेत लुबाडला गेलेला हिंगणेकर आता नागपूरच्या जिल्हा आयोगात दाद मागू शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्कही नाही. सिद्ध करण्याचा भार मात्र मुख्यतः तक्रारदारावरच. तेथे पुन्हा तो जुना साक्षीदार लागतो : काढून टाकलेला भाग, आणि त्यासोबत जॉब कार्ड.
कॅलिफोर्नियाच्या ब्युरोसारखी, साध्या वेषात गाडी घेऊन गॅरेजच्या दारात उभी राहणारी यंत्रणा भारतात उभी राहिली नाही.

३६/
संशयाची एक किंमत असते आणि ती बिलात दिसत नाही. दोनदा फसलेला मालक तिसऱ्या वेळी खरे सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवत नाही. ‘टायर बदला’ हे त्याला विक्रीचे वाक्य वाटते. समृद्धी महामार्गाचा नागपूरकडील आरंभ शिवमडक्याला होतो. हे गाव हिंगणा तालुक्यातलेच. ११ डिसेंबर २०२२ रोजी शिर्डीपर्यंतचा टप्पा खुला झाला. सरळ, तापलेल्या काँक्रीटवरून गाड्या तासन्‌तास वेगाने धावू लागल्या आणि टायर फुटून होणारे अपघात हा चिंतेचा विषय झाला.

३७/
२०२३ मध्ये परिवहन विभागाने महामार्गाच्या प्रवेशाशी टायर तपासायला सुरुवात केली. झिजलेल्या टायरच्या गाड्या माघारी पाठवल्या जाऊ लागल्या. तपासणाऱ्या निरीक्षकाला टायर विकायचा नसतो. हिंगणा तालुक्यात, एसटीच्या कार्यशाळेपासून फार दूर नव्हे, रोग सांगणारा आणि औषध विकणारा ही दोन माणसे पुन्हा एकदा वेगळी झाली होती.